मदत हवी आहे: स्वतःच्याच मशीनचं लॉक उघडायचंय, कायदा आड येतो का?

मंडळी, बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, तिथल्या जुन्या सीएनसी मशीनच्या (संगणकाच्या सूचनांवर चालणारं कटिंग मशीन) कंट्रोलरला कंपनीचा पासवर्ड आहे आणि मला स्पिंडलला (मशीनच्या फिरणाऱ्या दांड्याला) व्हायब्रेशन सेन्सर जोडून त्याचं रीडिंग कंट्रोलरला द्यायचंय, म्हणजे बेअरिंग जायच्या आधीच मशीन थांबेल. कंपनीला मेल केले, उत्तर एकच, नवा बोर्ड घ्या. वॉरंटी संपलीय, बिल आमच्या नावावर, त्यांचं सॉफ्टवेअर कॉपी करायचं नाहीये. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीएत (तिथला डिजिटल कॉपीराइट कायदा) काही सवलती सोडल्या तर नुसतं लॉक तोडणंही बेकायदा, आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ ला आलेलं कलम ६५ए लॉक तोडण्यामागे कॉपीराइट हक्कभंगाचा हेतू होता का ते बघतं, शिवाय कलम ५२ मध्ये इंटरऑपरेबिलिटीची, म्हणजे आपला प्रोग्राम दुसऱ्याच्या प्रोग्रामशी जुळवायला लागणारी माहिती काढण्याची, सूट आहे, एवढं वाचलंय. अशा भीतीनं चांगल्या सुधारणा डोक्यातच राहतात हो! हाच सेन्सर किट शेजारच्या युनिट्सना विकला, तर ती सूट मला मिळेल का?