उत्तर सायप्रसमध्ये स्वस्त घर मिळतंय, घ्यावं का?

थेम्सकाठी :
लंडनला राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने उत्तर सायप्रसमध्ये इस्केलेच्या किनाऱ्यावर फ्लॅट पाहिलाय. भाव पौंडात, हप्ते बिनव्याजी, दारात समुद्र. बयाणा तेवढा द्यायचा राहिलाय. देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

1974च्या जुलैत तुर्की सैन्य बेटावर उतरलं. एक तृतीयांशाहून जास्त बेट त्याच्या ताब्यात गेलं आणि दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रसवासी नेसत्या कपड्यांनिशी दक्षिणेला गेले. घरं, संत्र्या-लिंबांच्या बागा मागेच राहिल्या. तिथे 1983 साली जाहीर झालेल्या प्रजासत्ताकाला तुर्कस्तानशिवाय कुणाचीच मान्यता नाही. भारताचीही नाही. इस्केलेचं जुनं, ग्रीक नाव त्रिकोमो. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव असताना आपण कुणाला बयाणा देतो का?

गिरनेकर :
उत्तर सायप्रसमधल्याच गिरन्यात माझा फ्लॅट आहे, म्हणून लिहितो. तुर्की सायप्रसवासीयांनीही लिमासोल, पाफोसकडची घरं सोडली, हे तुम्ही का गाळलंत? 1963च्या दंगलींनंतर तर त्यांतले हजारो जण वर्षानुवर्षं कोंडलेल्या वस्त्यांत राहिले. दक्षिणेत गमावलेल्याच्या बदल्यात त्यांना उत्तरेत जमीन मिळाली. तिच्या कागदाला तिथे 'एश्देअर' कोचान म्हणतात, म्हणजे समतुल्य. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्यांना मुसलमानांनी सोडलेली शेतं मिळालीच ना? त्यांना कुणी चोर म्हणत नाही.

शिवाय 2004च्या सार्वमतात बेट पुन्हा एक करण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्नान योजनेला तुर्की बाजूचे 65 टक्के 'हो' म्हणाले, ग्रीक बाजूचे 76 टक्के 'नाही'. तोडगा कुणी नाकारला?

थेम्सकाठी :
तुर्की लोकांचं दुःख मी गाळायला नको होतं, ते खरं आहे. फाळणीचा मुद्दा मात्र लागू होत नाही. निर्वासितांनी सोडलेली मालमत्ता सरकारने 1954च्या कायद्याने संपादन केली आणि जुन्या मालकाचा हक्क तिथे संपला. सायप्रसमध्ये हक्क संपवणारा असा तोडगा अजून झालेलाच नाही. उत्तरेतल्या ज्या मालमत्ता आयोगाला स्ट्रासबूरच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2010 साली दाद मागण्याची योग्य जागा मानलं, तो आयोग मूळ मालकाला भरपाई देतो. भरपाई द्यावी लागते, कारण मालक अजून तोच आहे.

ओरम्स दांपत्याचं पाहा. या ब्रिटिश जोडप्याने उत्तरेतल्या लापिथोसला बंगला बांधला. जमिनीचे मूळ मालक अपोस्तोलिदेस दक्षिणेतल्या सायप्रस सरकारच्या निकोसियातल्या कोर्टात गेले. बंगला पाडा, जमीन परत द्या, असा हुकूम 2004 साली झाला. तो युरोपीय युनियनच्या इतर सदस्य देशांनीही मानायचा, असं युनियनच्या न्यायालयाने 2009 साली सांगितलं आणि पुढच्या वर्षी लंडनच्या अपील कोर्टानेही तो लागू केला.

गिरनेकर :
ब्रिटन आता युनियनबाहेर आहे. तेव्हाची वाट आज तशीच खुली नाही.

वकिलीणबाई :
गिरनेकर, दिवाणी वाट अरुंद झाली असेल, फौजदारीचं काय? मूळ मालकाच्या संमतीवाचून अशा मालमत्तेचा व्यवहार करणं हा सायप्रसच्या कायद्याने 2006 पासून गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. आधी तो कागदावर होता. 2024 पासून बांधकाम व्यावसायिक आणि दलाल प्रत्यक्ष अटकेत गेले. दक्षिणेतल्या लार्नाका विमानतळावर उतरून उत्तरेची हद्द ओलांडणाऱ्या खरेदीदाराने हे धरूनच चालावं.

आणि 'दोनेक वर्षांत तोडगा निघेल' असं सांगणाऱ्या दलालावर विसंबू नका. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथे 1964 पासून आहे. आपले जनरल थिमय्या तिचे सेनापती असताना 1965 साली त्याच बेटावर वारले. सेना अजून तिथेच आहे.

गिरनेकर :
माझा फ्लॅट तुर्की कोचानचा आहे, म्हणजे 1974 आधीही ती जमीन तुर्की माणसाचीच होती. त्यामुळे घेतल्याचा मला पस्तावा नाही आणि तिथल्या माणसांना वाळीत टाकणं मला आजही अन्याय वाटतं. पण इस्केलेत तसा कागद नसेल, तर मीही घेणार नाही.

थेम्सकाठी :
हेच मेहुण्याला आत्ता फोनवर सांगितलं. 1974 आधी त्या जमिनीवर कुणाचं नाव होतं, हे बिल्डरकडून लेखी माग म्हटलं. तोवर बयाणा थांबवलाय.