मदत हवी आहे: तोक्योच्या मासळी बाजारात न्याहारी, बाबा अट्टल मासेखाऊ आणि आई माळकरी

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरात आईबाबांना घेऊन तोक्योला जातोय. बाबांची मागणी एकच, मासळी बाजार. मिरकरवाडा बंदरावर लिलावात बोली लावण्यात त्यांची सगळी उमेद गेली. २०१९च्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक कुपा (टुना मासा) ३३ कोटी ३६ लाख येनला गेला होता, ती बातमी त्यांनी कापून ठेवली आहे. तो लिलाव बघायचा आणि बाजारात राबणारी माणसं जे खातात ते तिथेच बसून खायचं, असं त्यांच्या मनात आहे. त्यांची ही हौस नीट पुरी व्हावी असं मला फार वाटतं, म्हणून विचारतोय.

माझ्या वाचनानुसार घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८मध्ये त्सुकिजीहून तोयोसूला हलला, पण त्सुकिजीच्या बाहेरच्या बाजारातल्या गल्ल्या होत्या तिथेच राहिल्या. लिलाव तोयोसूला, पहाटे साधारण साडेपाच ते साडेसहा. जवळच्या सज्जातून बघायचं तर आधी सोडतीत नाव लागावं लागतं, वरच्या काचेमागून मात्र कुणालाही बघता येतं. मग लिलाव बघून तिथेच खावं की त्सुकिजी गाठावं? दोन्हीकडे गेलो तर सत्तरीच्या माणसांची दमछाक होईल का?

दुसरं, बाबा कल्ले उचलून मासा किती ताजा ते सांगतात, पण कच्चा मासा त्यांनी कधी तोंडात घातलेला नाही. त्यांना मधुमेहही आहे. पहाटे रिकाम्या पोटी एकदम सुशी देऊ नये असं मला वाटतं. भाजलेला मासा, भात, सूप अशी साधी न्याहारी या बाजारांत मिळते का?

तिसरा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. आई माळकरी आहे, मासे-मटण सोडाच, अंडंही नाही. ती म्हणते, "मी केळं खाऊन बसेन, तुम्ही जा." मला ते नको आहे. आयुष्यभर तिने स्वतः न खाता बाबांसाठी मासे रांधले. तिथेही आमच्या ताटांकडे बघत तिने कोपऱ्यात बसावं, हे मला पटत नाही. तिच्यासाठी बाजारात गरम आणि पोटभरीचं काही मिळेल का?

प्रतिसाद

मी तोक्योत राहते, दोन्ही बाजारांत नेहमी जाणं होतं. आधी वार बघा. तोयोसू रविवारी बंद असतो, बऱ्याच बुधवारीही. त्सुकिजीची बरीच दुकानंही त्याच दिवशी बंद असतात. बाजाराचं कॅलेंडर बघूनच दिवस ठरवा.

लिलाव नक्की दाखवा. खालची फरशी मुद्दाम हिरवी ठेवली आहे, तिच्यावर माशाचा लाल रंग नीट पारखता येतो. शेपटीकडे काप दिलेला असतो, व्यापारी टॉर्च मारून तिथलं मांस आणि चरबी बघतात. तुमच्या बाबांना कुणी काही समजावून सांगायची गरज पडणार नाही. एवढ्या पहाटेला टॅक्सीच घ्या. पुढे त्सुकिजीलाही टॅक्सीनेच या, फार लांब नाही.

न्याहारी मी त्सुकिजीत सुचवेन. तोयोसूच्या इमारतींतही जुनी नावाजलेली सुशीची दुकानं आहेत, पण रांगा लांब, आणि बंदिस्त इमारतीत तुमच्या बाबांना हवा तो बाजार फारसा जाणवत नाही. त्सुकिजीत सुऱ्यांची दुकानं, सुकी मासळी, लोणची, चहा, सगळं एकाला एक लागून आहे. आठच्या आत पोचा, नंतर पर्यटकांची गर्दी होते. भाजलेल्या माशाचं ताट मिळतं. 'साबा' मागवा, बांगड्याच्याच कुळातला आहे, मीठ लावून भाजतात. तो रुचला की मग कुप्याचे दोनच तुकडे कच्चे द्या. वासाबी, म्हणजे सुशीला लावतात ती झणझणीत हिरवी चटणी, नको असेल तर "साबी नुकी" म्हणायचं. मधुमेहासाठी सांगते, सुशीच्या भातात व्हिनेगरबरोबर साखर असते, साधा भात बरा. गल्लीत उकळत्या रश्श्याचा घमघमाट येईल, तो बहुधा गाईच्या आतड्यांचा असतो. चालत नसेल तर आधी विचारा. काठीवरचं काहीही घेतलं तर दुकानापुढेच उभं राहून खायचं आणि काठी तिथेच परत द्यायची, चालत खाल्लेलं तिथे आवडत नाही. रोख पैसे जवळ ठेवा.

आता आई. खरं सांगायचं तर या बाजारात त्यांच्यासाठी गरम जेवण जवळजवळ नाहीच. कारण दाशी. वाळवून धुरावलेल्या कुप्याचा हा अर्क मिसो सूपमध्ये (आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपमध्ये) असतो, नूडल्सच्या रश्श्यात असतो, भाज्या शिजवतानाही घालतात. वरून मासा दिसत नाही, म्हणून माणूस फसतो. नुसत्या मिठाचा भाताचा गोळा, फळं, लाल चवळीसारख्या कडधान्याच्या गोड पुरणाचा आणि आत स्ट्रॉबेरी घातलेला मोची (चिकट तांदळाची मऊ मिठाई), ग्रीन टी, एवढं चालेल. "मासे, मांस, अंडी, दाशी चालत नाही" असं जपानीत लिहिलेला कागद जवळ ठेवा आणि प्रत्येक दुकानात दाखवा. पोटभरीचं मात्र घरून न्या. त्सुकिजी उओगाशी इमारतीच्या वरच्या मजल्यावर बसायला मोकळी जागा आहे.

आणि पलीकडचं होंगानजी देऊळ त्यांना नक्की दाखवा. १९३४चं आहे, वास्तुकार इतो चुता भारतात फिरून गेलेले, त्यांनी जुन्या भारतीय बौद्ध शैलीत बांधलं. दर्शनी कमान बघताना मला कार्ल्याचं लेणं आठवतं. आईंना तिथे परकं वाटणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, मनापासून आभार. दाशीचं मला ठाऊकच नव्हतं, आईला मी मिसो सूप देणारच होतो. आता दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून नेतो. बाबांचं ताट आणि आईची दशमी एकाच टेबलावर मांडता यावी एवढंच हवं आहे. त्या वरच्या जागेत खालून विकत घेतलेलं खाणं नेऊन आपला डबाही सोडता येतो का? आणि आईचे गुडघे दुखतात, तिथे लिफ्ट आहे का? नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.