मदत हवी आहे: बाबांची रिकम्बन्ट ट्राइक, पाय पॅडलवरून सुटतो आणि पुढचे टायर झिजून राहिले

धरमपेठी:

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता येत नाहीये.

माझे बाबा ६८ वर्षांचे. गणिताचे शिक्षक होते, नागपुरात धरमपेठेतून महालातल्या शाळेत रोज सायकलनेच जायचे, उन्हाळा असो की पाऊस. दोन वर्षांपूर्वी कानाच्या आतल्या भागाचा त्रास सुरू झाला, त्याने तोल जातो. ट्रॅफिक पार्कजवळ दोनदा पडले, दुसऱ्यांदा मनगट मोडलं आणि डॉक्टरांनी दुचाकी बंद म्हणजे बंद सांगितली. तेव्हापासून सायकल खाली जिन्याजवळ उभी होती, पण बाबा दर रविवारी ती पुसायचे, चेनला तेल द्यायचे, हवा भरायचे आणि वर यायचे. मला ते बघवत नव्हतं.

मे महिन्यात पुण्यातल्या ओळखीच्या एकाने वापरलेली रिकम्बन्ट ट्राइक विकायला काढली. पुढे दोन चाकं, मागे एक, खुर्चीसारखं रेलून बसायचं आणि पाय समोर ताणून पॅडल मारायचं. टॅडपोल म्हणतात तो प्रकार. घेऊन टाकली. पहिल्या दिवशी बाबा गल्लीतून दोन चकरा मारून आले आणि म्हणाले, "काऊन रे, हे आधी कोणी सांगितलं नाही?" आता मीटरवर ४२० किलोमीटर झालेत. रोज सकाळी फुटाळा तलावापर्यंत, शनिवारी तेलंगखेडीचं हनुमान मंदिर.

आता अडचणी. सगळ्यात मोठी ही की मागच्या आठवड्यात एका स्पीड ब्रेकरवर बाबांचा उजवा पाय पॅडलवरून सुटला, टाच रस्त्याला लागली आणि गाडी पुढे जात असल्याने पाय पुढच्या आडव्या नळीखाली ओढला गेला. वेग अगदी कमी होता म्हणून पोटरी फक्त खरचटली. तेव्हापासून आईने चालवायला मनाई केली आहे आणि घरात दोघंही गप्प आहेत.

बाकी म्हणजे पुढचे दोन्ही टायर एका बाजूने इतके झिजलेत की आतले धागे दिसून राहिले. दुकानातून २० इंची टायर आणला तर तो रिमवर बसलाच नाही. गुडघ्याच्या वाटीजवळ दुखतं, अर्ध्या तासाने पायाची बोटं बधिर होतात. ऑटोवाल्यांना बाबा दिसत नाहीत. आणि एक जण चौकात म्हणाला की ही अपंगांची गाडी आहे ना, ते बाबांना फार लागलं.

बाबा तरुणपणी त्रिपुरी पौर्णिमेला सायकलने रामटेकला जायचे. यंदा जायचं म्हणतात. मी हो म्हणू की नको? कोणी ही गाडी चालवत असेल तर प्लीज सांगा.

त्रिचक्री:

दादा, मी पुण्यात आठ वर्षं ट्राइक चालवतो. सगळ्यात आधी पायाचं बघा, बाकी सगळं नंतर. साध्या सायकलवर पाय सुटला तर खाली लोंबकळतो, काही होत नाही. इथे पाय गाडीच्या पुढे असतो, टाच जमिनीला टेकली की गाडी स्वतःच पायावर चढते. घोटा, गुडघा मोडल्याच्या घटना होतात. काकांची पोटरी खरचटण्यावर निभावलं हे खरंच नशीब. म्हणून साधं पॅडल आणि चप्पल या गाडीवर कधीच नाही, गल्लीतल्या गल्लीत सुद्धा नाही.

क्लीट लागणारे, म्हणजे पॅडलमध्ये खटकन अडकणारे बूट हा पक्का उपाय, आणि ट्राइक थांबल्यावर पडत नाही त्यामुळे सिग्नलला पाय काढायची घाई नसते. पण ६८ व्या वर्षी टाच पिळून बूट सोडवणं जड जाऊ शकतं. मग टाचेचा पट्टा लावा. पॅडलला मागून असा पट्टा की टाच त्यात विसावते आणि खाली घसरूच शकत नाही, वरून पंजावर एक वेल्क्रोचा पट्टा. बाहेरून मागवायची गरज नाही, चांगल्या मोच्याकडून जाड नायलॉनची पट्टी शिवून घ्या, दप्तराच्या पट्ट्याला असते तशी. फक्त पट्ट्याचं लोंबतं टोक चेनरिंगमध्ये, म्हणजे पॅडलजवळच्या दातेरी चकतीत जाणार नाही हे बघा.

आणि बसताना उठताना दोन्ही ब्रेक बांधलेले हवेत. पार्किंग ब्रेक नसेल तर लिव्हरवर वेल्क्रो गुंडाळायचा. काका सीटवर टेकत असताना गाडी मागे सरकली तर तोल जाण्याचा त्रास असलेल्या माणसाला ते फार धोक्याचं.

बेअरिंगवाला:

नागपूरचाच आहो. टायर झिजण्याचं कारण जवळपास नक्की अलाइनमेंट. पुढची दोन चाकं एकमेकांना समांतर नसली की गाडी सरळ जाते पण दोन्ही टायर रस्त्यावर तिरपे घासत जातात, कारसारखंच. नवीन टायर टाकण्याआधी हे करा नाहीतर तेही खाऊन टाकेल.

काकांना सीटवर बसवा, कारण वजनाने माप बदलतं. हँडल सरळ. दोन्ही टायरच्या मधल्या रेषेवर खडूने खूण करा, खुणा समोरच्या बाजूला एक्सलच्या उंचीवर आणा आणि अंतर मोजा, मग गाडी ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूला आणा आणि परत मोजा. समोरचं माप मागच्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर कमी हवं. जास्त फरक असेल किंवा उलटा असेल तर चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचं लॉकनट सैल करून रॉड थोडा थोडा फिरवायचा, दर वेळी परत मोजायचं. घाई करू नका, अर्धा फेरा पण खूप होतो.

टायर बसला नाही कारण २० इंची म्हणजे दोन वेगळे साइझ आहेत. जुन्या टायरच्या बाजूला बारीक अक्षरात आकडा असतो तो वाचा. ४७-४०६ असं काही असेल तर लहान मुलांच्या बीएमएक्स सायकलीचा २० गुणिले १.७५ चालतो, तो इतवारीत सहज मिळेल. ३७-४५१ असेल तर तो रिम मोठा, त्यावर पहिला चढतच नाही. शेवटचे तीन आकडे जुळले पाहिजेत, दुकानदाराला इंच सांगू नका. एक सोय मात्र बघा, पुढची चाकं एकाच बाजूने धरलेली असतात त्यामुळे पंक्चर काढायला चाक खोलावं लागत नाही, टायर जागेवरच बाहेर येतो.

चेन पण बघून घ्या. तीन सायकलींच्या चेन जोडल्याएवढी लांब असते आणि नळीतून जाते. आपल्याकडच्या धुळीत नळीत तेल ओतलं की आत लगदा होतो. चेन पुसून अगदी थोडं तेल, मग वरून परत पुसायची.

मीनल_फिजिओ:

गुडघ्याबद्दल लिहिते. वाटीच्या पुढे दुखतं याचा अर्थ बहुतेक वेळा पॅडल जवळ आहे, गुडघा जास्त वाकतोय. उलट पॅडल लांब असेल तर गुडघ्याच्या मागची शीर ओढते. बाबांना अनवाणी बसवून टाच पॅडलवर ठेवायला सांगा, पॅडल सगळ्यात लांब असताना पाय सरळ व्हायला हवा पण कंबर सीटवरून सरकता कामा नये. मग पंजा ठेवला की गुडघ्यात आपोआप किंचित वाक राहतो. पुढची नळी, बूम म्हणतात ती, त्याप्रमाणे पुढे सरकवा.

दुसरं म्हणजे या गाडीवर उभं राहून जोर देता येत नाही, पाठ सीटला टेकलेली असते त्यामुळे माणूस सगळा जोर गुडघ्यातून लावतो. जड गिअर अजिबात नको. चढावर हलका गिअर टाकून पाय भरभर फिरवायचे, वेग चालण्याइतका झाला तरी चालेल, तीन चाकं आहेत, गाडी पडणार नाही. जमलं तर क्रँक, म्हणजे पॅडलची दांडी, १७० मिलिमीटरऐवजी १५२ चा लावा, गुडघा कमी वाकतो.

बोटं बधिर होतात कारण पाय वर उचललेले असतात आणि सगळा दाब पंजावर. लेस सैल करा आणि पंजाऐवजी तळव्याच्या मध्याने पॅडल मारा. टाचेचा पट्टा लावणार असाल तर हे आपोआप जमेल.

ज्या दिवशी सकाळी उठल्यावर चक्कर असेल त्या दिवशी गाडी नाही, हे मात्र पक्कं ठरवून घ्या. आणि आईंना मापं घेताना सोबत बसवा. भीती कमी होते, अनुभव आहे.

बेअरिंगवाला:

मीनलताईंच्या बोलण्यात एक जोडतो. बूम एक इंच पुढे गेला की चेन दोन इंच कमी पडते, वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू लांबतात म्हणून. म्हणजे चार कड्या जोडाव्या लागतील. तसंच ओढून बसवलं तर मागचा डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, तुटेल.

त्रिचक्री:

ट्रॅफिकबद्दल. झेंडा लावलाय का? पाच-सहा फुटांची लवचीक काडी आणि वर भडक केशरी किंवा पोपटी कापड, तेही फडफडणारं, कारण डोळा हलणाऱ्या गोष्टीकडे जातो. मागे लुकलुकणारा लाल दिवा दिवसासुद्धा चालू. आरसे दोन्ही बाजूला, कारण रेलून बसल्यावर मान मागे वळत नाही. कडेने घासत जाऊ नका, लेनच्या आत जागा घेऊन चालवा, मागच्याला ठरवून बाजूने जावं लागेल असं. बस आणि ट्रकच्या बाजूला मात्र कधीच थांबायचं नाही, त्यांच्या खिडकीतून तुम्ही दिसतच नाही. मागे थांबा.

खड्ड्यांचं गणित पण वेगळं. दोन चाकीवर एकच रेघ चुकवायची असते, इथे तीन. खड्डा पुढच्या दोन चाकांच्या मध्ये घेतला तर मागचं चाक नेमकं त्यात जातं. नागपुरात सिमेंटच्या रस्त्यांची कड कुठे कुठे चांगली उंच आहे, तिथे तिरपं उतरू नका. वळणावर वेग कमी आणि अंग आतल्या बाजूला झुकवायचं, नाहीतर आतलं चाक उचलतं. ब्रेक दोन्ही सारखे दाबायचे, एकच दाबला की गाडी त्या बाजूला खेचते.

कुत्र्यांचं तोंड आपल्या तोंडासमोर येतं, काकांना सांगून ठेवा. पळायचं नाही. थांबायचं आणि मोठ्याने हाकलायचं, बहुतेक निघून जातात.

ऊन थेट चेहऱ्यावर येतं, हेल्मेटखाली पुढे चोच असलेली टोपी घाला. तुमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं, तेव्हा सकाळी सहाच्या आत घरी.

आणि अपंगांची गाडी म्हणणाऱ्याचं मनावर घेऊ नका. काकांना सांगा की १९३३ मध्ये पॅरिसला फ्रान्सिस फोर नावाचा रेसर अशाच रेलून बसायच्या सायकलवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर गेला. तो काही पहिल्या फळीतला रेसर नव्हता, तरी सरळ सायकलवाल्यांचा जुना विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी सायकल संघटनेने नियम बदलून ही सायकल शर्यतींतूनच बाहेर काढली. हळू होती म्हणून काढली नाही.

वर्धारोडकर:

रामटेकचं मी सांगतो, दर वर्षी जातो. कामठी, कन्हान, मनसर हा सगळा हायवे, ट्रक रात्रंदिवस. यात्रेच्या दिवशी पहाटे अंधारात एवढी बुटकी गाडी घेऊन तिथे जाऊ नका, झेंडा असो की दिवा. माझं प्रामाणिक मत. पण काकांना नाही म्हणू नका. ट्राइक छोट्या टेम्पोत टाकून मनसरपर्यंत न्या, तिथून आत वळल्यावर हायवे सुटतो, उजाडल्यावर तेवढं काकांना चालवू द्या, मागून तुम्ही बाइकवर. पौर्णिमेच्या आधी चार दिवस जा म्हणजे गर्दी पण नाही.

धरमपेठी:

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देतो.

सीताबर्डीवर एका मोच्याकडून टाचेचे पट्टे शिवून आणले. त्याने आधी गाडी बघायला मागितली, मग स्वतःहून आत फोम घातला. माप घेतलं तर समोरचं अंतर मागच्यापेक्षा तब्बल ९ मिलिमीटर जास्त निघालं. बाबांनी स्वतः वहीत आकडे लिहिले, प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी काढली, आता २ मिलिमीटर कमीवर आहे. टायर ४०६ निघाला, मिळाला. बूम दीड इंच पुढे गेला आणि सहा कड्या जोडल्या.

आईला खडू धरायला बसवलं होतं. संपल्यावर तिने पट्ट्यात अडकवलेला बाबांचा पाय दोन्ही हातांनी ओढून बघितला, निघत नाही याची खात्री केली आणि मग आत गेली. झेंड्याचं कापड तिनेच शिवलं, जुन्या साडीच्या जरीच्या काठाचं, उन्हात चांगलं चमकतं.

काल शनिवारी बाबा तेलंगखेडीला जाऊन आले, मी मागे होतो. गुडघा दुखला नाही, बोटं थोडी बधिर झाली. रामटेकला मनसरपासून जायचं ठरलंय. फोरची गोष्ट बाबांनी चौकातल्या त्या माणसाला थांबून सांगितली, वर्ष आणि आकड्यासकट.

एक राहिलं. परतताना सेमिनरी हिल्सच्या उतारावर डावा ब्रेक चिरचिर आवाज करून राहिला होता, डिस्क ब्रेक आहे. बेअरिंगवाला भाऊ, पॅड बदलायचे की नुसतं सेटिंग? आणि तुमच्याकडे गाडी आणली तर चालेल का?

बेअरिंगवाला:

आधी डिस्क स्पिरिटने पुसून बघा, चेनचं तेल उडालं असेल. तेवढ्याने गेलं नाही तर रविवारी दहानंतर आणा, मेसेज करतो पत्ता. काकांना सोबत आणा.