मिठाची पिशवी किती दिवस पुरते?

डावी_बाजू (धागाकर्ता)

हृदय सांभाळायचं म्हटलं की आपल्याकडे वाद तेलावर येऊन अडतो. घाण्याचं की रिफाइंड, शेंगदाणा की करडई, तूप किती चमचे. मिठाचं नाव कुणी काढत नाही. स्वस्त वस्तू, तिचा हिशेब कोण ठेवणार? माझं मत असं, की चाळिशीपुढची माणसं असलेल्या घरात तेलाचा डबा बदलण्याआधी मिठाची पिशवी मोजावी.

पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख टाका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचा. घरात चार मोठी माणसं असतील तर रोजचे २० ग्रॅम, किलोला ५० दिवस. पाव, फरसाण, पापड, हॉटेल यांतलं मीठ वेगळं येतंच, तेव्हा खरं तर पिशवी दोन महिने पुरायला हवी. ती महिन्यात संपत असेल तर माणशी ८ ग्रॅम नुसत्या स्वयंपाकातून जातंय.

आता ताटाची डावी बाजू. कैरीच्या लोणच्याचं साधारण प्रमाण किलोभर फोडींना २०० ते २५० ग्रॅम मीठ. मसाला आणि तेल धरून वजन पावणेदोन किलोच्या आत-बाहेर जातं, म्हणजे लोणच्यात १२ ते १५ टक्के मीठ. दोन-तीन फोडी खारासकट घेतल्या तरी सव्वा ग्रॅम गेलं, दिवसाचा पाव वाटा. उडदाच्या एका पापडात मीठ आणि पापडखार मिळून जवळपास ०.४ ग्रॅम मिठाइतकं सोडियम. मूठभर शेवेत अर्धा ग्रॅम. भाजी-आमटी अजून ताटात पडलेलीच नाही!

सोडियम वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं, दाब चढतो. वर्षानुवर्षं असं चाललं की धमन्या ताठरतात आणि हृदयाची भिंत जाड होते. हे सगळं होताना दुखत काहीच नाही.

---

उलटतपासणी

असहमत. मीठ वाईट, हे सरसकट विधान झालं. २०१४ साली प्युअर नावाच्या, अनेक देशांत चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, त्यात सर्वांत कमी धोका दिसला तो दिवसाला ३ ते ६ ग्रॅम सोडियम घेणाऱ्यांना. म्हणजे साडेसात ते पंधरा ग्रॅम मीठ. त्याहून कमी खाणाऱ्यांचा धोका पुन्हा वर गेलेला. आलेख इंग्रजी जे अक्षरासारखा येतो तो यामुळेच.

दुसरं, मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे उन्हात राबणाऱ्याच्या घामातून किती मीठ जातं? त्याला पाच ग्रॅमचं पथ्य सांगणार का?

तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड (थायझाइड गटातल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्या वयस्कर बाईने कुणाचं तरी ऐकून जेवण अळणी केलं, वर तांब्या-तांब्या पाणी प्यायली, की रक्तातलं सोडियम घसरतं. तोल जातो, बोलणं असंबद्ध होतं, घरचे म्हणतात वय झालं. दवाखान्यात नेल्यावर कळतं काय ते.

आणि पिशवीचा हिशेब तर पार कच्चा. भाज्या मिठाच्या पाण्यात धुतात, भाताच्या पेजेतून, उकडीच्या पाण्यातून मीठ ओतलं जातं, मे महिन्यात लोणची पडतात, पाहुणे येतात. त्या तारखेवरून काय ठरवणार?

---

डावी_बाजू

प्युअरमधला सोडियमचा आकडा सकाळच्या एकाच लघवीच्या नमुन्यावरून सूत्राने काढलेला आहे, २४ तासांची लघवी गोळा करून मोजलेला नाही. मुख्य आक्षेप तोच. शिवाय आधीच आजारी असलेला माणूस कमी खातो, त्यामुळे मीठही कमी खातो. तो दगावला तर दोष कमी मिठावर जाऊ शकतो.

याउलट २००१ साली डॅश-सोडियम प्रयोगात ४१२ जणांना ठरवून दिलेलं जेवण प्रत्यक्ष खायला घातलं, मिठाच्या तीन पातळ्या, प्रत्येकी ३० दिवस. नेहमीच्या अमेरिकी जेवणात फक्त मीठ जास्तीवरून कमीवर आणलं तर वरचा दाब सरासरी ६.७ अंकांनी उतरला. एखाद्या गोळीच्या तोडीचा परिणाम आहे हा.

उन्हात राबणाऱ्याला पाच ग्रॅमचं पथ्य मी सांगितलेलंच नाही. पण त्याचं उदाहरण पुढे करून वातानुकूलित कचेरीत बसलेला माणूस दुपारी खारे शेंगदाणे फस्त करतो, त्याचं काय? थायझाइडचा मुद्दा मान्य. ती गोळी चालू असेल तर मीठ एकदम तोडू नये, आणि सोडियमची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

---

उलटतपासणी

एक राहिलं. भारतीय माणूस सरासरी ८ ग्रॅम मीठ खातो हा देशव्यापी पाहणीतला आकडा तुमच्या बाजूचे लोक सतत देतात. तोही एका वेळच्या लघवीवरूनच काढलाय बरं का. तुमच्या आकड्याला ती पद्धत चालते आणि प्युअरला चालत नाही, असं कसं?

---

डावी_बाजू

तो आकडा मी दिलेला नाही. ८ हे पिशवीचं भागाकाराचं उत्तर आहे. पण मुद्दा रास्त आहे. ती पद्धत लोकसंख्येची ढोबळ सरासरी काढायला चालून जाते, एकेका माणसाचं मीठ ठरवून ते त्याच्या मृत्यूशी जोडायला पुरत नाही. माझा आक्षेप या दुसऱ्या वापराला आहे.

---

कोकमसार

अभ्यासांचं तुम्ही दोघं बघून घ्या. मला स्वयंपाकघरातलं बोलायचंय, कारण ‘कमी मीठ खा’ म्हटल्यावर घरोघरी भाजी अळणी होते, मग वाढताना तीवर वरून मीठ पडतं आणि बेरीज होती तिथेच येते.

मीठ सगळ्यांत जास्त चुकतं पालेभाजीत. चिरलेली मेथी कढईच्या वर येते, तिच्याकडे बघून मीठ पडतं आणि पाच मिनिटांत ती वाटीभर होते. पालेभाजीला मीठ ती खाली बसल्यावरच घालावं, निम्मं पुरतं. कोशिंबिरीला पानं घेताना घालावं, आधी घातलं तर पाणी सुटतं, चव पातळ होते आणि परत मीठ पडतं. पोळीच्या कणकेतलं मीठ सरळ बंद करा, भाजीबरोबर खाताना कुणाच्या लक्षातही येत नाही. भाकरीत आपण कुठे घालतो?

आंबट वाढवलं की मीठ कमी लागतं हे खरं, पण इथे एक गोम आहे. आमसुलं मिठाची असतात आणि आगळ तर भरपूर खारट. आमटीत आमसूल टाकून उकळी आल्यावर चव घ्या, मग मिठाचं ठरवा. लिंबू, चिंच, कैरी यांना ही अडचण नाही. खारवलेले मासे पाणी बदलून भिजवावेत आणि कालवणात मीठ शेवटी, तेही चाखून.

तोडायचं ते हळूहळू तोडा. रोजच्या मापातून आधी पाव भाग कमी, जीभ रुळली की पुढचा पाव. महिना-दीड महिन्यात बाहेरचं फरसाण खारट लागायला लागतं.

सैंधव घेणाऱ्यांनाही सांगते, तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. वर आयोडीन नाही. गुलाबी रंगाने दाब उतरत नाही.

---

पळी_पंचपात्र

एवढा खटाटोप कशाला? कमी सोडियमचं मीठ आणा, मोकळे व्हा. २०२१ साली चीनमधल्या ६०० गावांतल्या जवळपास २१ हजार लोकांवरच्या प्रयोगाचे निकाल आले. पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठीपुढचे, दाब जास्त असलेले लोक. निम्म्या गावांत ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असं मीठ दिलं. सुमारे पाच वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी, मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. कुणालाही अळणी जेवावं लागलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा मिठाची शिफारस केली.

---

क्रिएटिनिन_१.८

मोकळे व्हा असं सांगू नका हो. त्याच शिफारशीत गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि मूत्रपिंडाचा विकार असलेले वगळलेले आहेत. चीनच्या प्रयोगातही मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेली माणसं घेतली नव्हती.

आपल्याकडची खरी अडचण अशी, की घरात मिठाचा डबा एकच असतो. सुनेने स्वतःच्या दाबासाठी पोटॅशियमवालं मीठ आणलं, तरी आमटी सासऱ्यांच्याही ताटात जाते. सासऱ्यांना पंधरा वर्षांचा मधुमेह, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं, दाबाची टेल्मिसार्टन चालू, पायाला सूज म्हणून स्पायरोनोलॅक्टोनही. ही दोन्ही औषधं शरीरात पोटॅशियम राखून ठेवतात. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं, ते ६ च्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि आधी काही जाणवेलच असं नाही.

म्हणून डब्यात हे मीठ भरण्याआधी त्या घरात जेवणाऱ्या प्रत्येकाच्या गोळ्यांची नावं बघा. -सार्टन, -प्रिल अशा शेवटाची किंवा स्पायरोनोलॅक्टोन असेल, मधुमेह जुना असेल, तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून डॉक्टरांना विचारा. सगळं ठीक निघालं तर खुशाल वापरा, माझा विरोध मिठाला नाही.

---

पळी_पंचपात्र

मान्य. पण ज्याला मूत्रपिंडाचा त्रास नाही त्याने या भीतीने मागे सरू नये, एवढं माझंही लिहून ठेवा.

---

थेट_मुद्दा

मिठावर एवढी शाई आणि तंबाखूचा उल्लेख नाही? २००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात ५२ देशांतले हृदयविकाराचे झटके तपासले. धोक्याच्या कारणांत सर्वांत वर कोण? रक्तातल्या चरबीचं बिघडलेलं गुणोत्तर आणि धूम्रपान. त्याच माहितीवरून दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो असं दिसलं, इतरांना ५९ च्या सुमारास.

महाराष्ट्रात सिगारेट-बिडीपेक्षा चघळण्याची सवय कितीतरी मोठी. २०१६-१७ च्या पाहणीत धूम्रपान करणारे ३.८ टक्के, धूरविरहित तंबाखूवाले २४.४ टक्के. सकाळी मिश्री लावणारी आजी स्वतःला तंबाखू खाणारी समजतच नाही. डॉक्टरांनी ‘व्यसन काही?’ विचारलं की उत्तर येतं, नाही. चघळणाऱ्यांचाही झटक्याचा धोका दुपटीच्या घरात जातो, हेही इंटरहार्टमधलंच. आधी मिश्रीची डबी, मग तुमची पिशवी.

---

डावी_बाजू

क्रम तुमचा मान्य, मिश्रीपुढे लोणचं काहीच नाही. पण तंबाखूला हात न लावणाऱ्या घरातही दाब असतो, आणि इंटरहार्ट फक्त झटक्याबद्दल बोलतो. पक्षाघातात रक्तदाब पहिल्या नंबरावर आहे.

---

पट्टा_मोठा_हवा

दाब दाब सगळेच म्हणताय, मोजता कसा? घाईत जिना चढून आल्यावर, बाहीवरून पट्टा बांधून, गप्पा मारत घेतलेला आकडा कचऱ्यात टाकायच्या लायकीचा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, मांडीवर मांडी नको. उघड्या दंडावर पट्टा, दंड हृदयाच्या उंचीवर टेबलावर टेकलेला. हात १० सेंटिमीटर खाली लोंबकळला तर आकडा ८ अंकांच्या आसपास जास्त येतो. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरांकडे जा. घरची रेघ ही आहे, दवाखान्यातली १४०/९०.

आणि पट्टा. यंत्राबरोबर येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाचा असतो. दंड त्याहून जाड असेल तर लहान पट्टा दाब फुगवून दाखवतो आणि नको ती गोळी मागे लागते. शिंप्याच्या टेपने दंड मोजून मगच यंत्र घ्या.

---

क्रिएटिनिन_१.८

मिठाच्या हिशेबात एक वस्तू सगळे विसरले. पित्तावर, गॅसवर घेतात ती फसफसणारी पुडी. ५ ग्रॅमच्या पुडीत सोडा आणि सोडियम कार्बोनेट मिळून सुमारे ०.८ ग्रॅम सोडियम, म्हणजे २ ग्रॅम मिठाइतकं. दिवसाला दोन घेणारे आहेत, वर लोणचं सोडलंय म्हणून अभिमान!

ती घातक होते ती आणखी एका कारणाने. छातीत मधोमध जड दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, गार घाम, दम. ‘रात्रीचं जेवण बाधलं’ म्हणून पुडी घेतली जाते, ढेकर येतो, जरा बरं वाटतं आणि दोन तास जातात. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडण्याचा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत जास्त असतो. बायका आणि मधुमेही यांच्यात कधी कधी छाती दुखतही नाही, नुसती मळमळ, दम आणि गळून जाणं. असं काही असेल तर १०८ लावा आणि जिथे ईसीजी होतो तिथे जा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी परतू नका, थोड्या वेळाने पुन्हा काढायला आणि ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी करायला सांगा.

---

उलटतपासणी

पुडीच्या मुद्द्यावर शंभर टक्के सहमत. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी पाकिटात बाळगा, असे संदेश फिरतात त्यांचं काय? आणि जोरजोरात खोकत राहा म्हणणाऱ्यांचं?

---

क्रिएटिनिन_१.८

खोकण्याने झटका थांबत नाही, वेळ जातो. सॉर्बिट्रेट ज्याला डॉक्टरांनी लिहून दिलीय त्यानेच, आणि बसून घ्यावी. दाब आधीच पडलेला असेल किंवा सिल्डेनाफिलसारखी (व्हायाग्रा गटातली) गोळी घेतलेली असेल तर ती आणखी खाली पाडते. अ‍ॅस्पिरिनचं वेगळं, ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून खायची, पण अ‍ॅलर्जी, रक्तस्राव किंवा पोटात वाहता व्रण असेल तर नाही. पक्षाघाताची लक्षणं असतील, तोंड वाकडं, हात लुळा, तर मुळीच नाही, कारण तो रक्तस्रावामुळेही असू शकतो. १०८ वर बोलताना विचारून घेतलं तर उत्तम.

---

उलटतपासणी

धन्यवाद. पिशवीचं मात्र मला अजून पटलेलं नाही. लोणच्याच्या महिन्यात काय करायचं?

---

डावी_बाजू

लोणच्याचं मीठ वेगळं आणा, खडेमीठच लागतं बहुतेकांना. भाज्या धुवायलाही तेच. तारखेच्या पिशवीतलं फक्त रोजच्या डब्यात भरायचं. लोणच्याचा हिशेब बरणी संपल्यावर, घातलेलं मीठ भागिले माणसं भागिले दिवस.

---

कोकमसार

आणि बरणीचा खार उरला की तो भाजीत ढकलू नका. त्याचा हिशेब कुठल्याच पिशवीत लागत नाही.