किरणोत्सर्ग, किरणोत्सार, प्रारण: मातीच्या घराबद्दल बोलताना कोणता शब्द?

प्रश्न (नाशिकरोडकर)
गंगापूरच्या बाजूला एका कुटुंबासाठी दाबून केलेल्या मातीच्या विटांचं घर बांधतेय. मातीचा तपासणी अहवाल मराठीत समजावताना मी 'मातीत किरणोत्सर्ग आहे' असं लिहिलं. घरातल्या आजी म्हणाल्या, "मग सिमेंटचंच बांधा." आकडे तर काळजीचे नाहीत. प्रारण किंवा किरणोत्सार लिहिलं तर चालेल का?

सिन्नरकर
प्रारण नको, अर्थच बदलेल. अस्थिर अणुकेंद्र आपोआप फुटतं, ती क्रिया म्हणजे किरणोत्सर्ग. त्यातून बाहेर पडतं ते प्रारण. चूल पेटलेली असणं हा किरणोत्सर्ग, अंगाला लागते ती धग प्रारण. शिवाय प्रारणाला किरणोत्सर्गच लागतो असं नाही, ऊन हेही प्रारणच. बातम्यांत मात्र दोन्हींसाठी सरसकट 'किरणोत्सर्ग' छापतात, आणि तोही अणुभट्टीच्या अपघाताच्या वेळी. आजींनी तो तिथेच ऐकलेला असणार.

किरणोत्सार हा पर्यायी शब्द आहे, चुकीचा नाही. पण एका मजकुरात किरणोत्सारी आणि किरणोत्सर्गी दोन्ही आले की वाचणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. एकच रूप ठेवा.

पंचवटीतली शिक्षिका
मी शब्द बदलणार नाही, आकडा जोडेन. युरेनियम-२३८ व थोरियम-२३२ यांच्या साखळ्या (एक अणू फुटून दुसरा होतो, तो फुटून तिसरा; रेडियम हा युरेनियमच्याच साखळीतला) आणि पोटॅशियम-४० हे सगळीकडच्याच मातीत असतात. जागतिक सरासरी किलोमागे साधारण ३५, ३० आणि ४०० बेक्वेरेल. त्यावरून 'रेडियम-समतुल्य सक्रियता' काढतात: रेडियमचा आकडा तसाच, थोरियमचा १.४३ पट, पोटॅशियमचा ०.०७७ पट, आणि तिन्हींची बेरीज. सरासरी मातीची ती १०९च्या आसपास येते (रेडियमसाठी युरेनियमचाच आकडा धरून). बांधकाम साहित्यासाठी सर्रास वापरली जाणारी मर्यादा ३७० आहे. इथे 'तीव्रता' लिहू नका, 'सक्रियता' हाच शब्द. एका सेकंदाला एक अणुकेंद्र फुटलं की एक बेक्वेरेल, इतकं सोपं करून सांगता येतं.

आजींना हेही सांगा की आपला काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीबच. त्याच्यापासून झालेल्या मातीतही ते सहसा कमीच. केरळच्या किनाऱ्यावरची मोनाझाइटची वाळू थोरियमने भरलेली असते, तिची गोष्ट निराळी.

एकलहरेकर
सिमेंट म्हणजे शून्य, असं समजू नये. सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये बरेचदा कोळशाची राख मिसळलेली असते. कोळसा जळतो, पण त्यातलं युरेनियम-थोरियम बरंचसं राखेतच उरतं. त्यामुळे राखेच्या विटांचा आकडा साध्या मातीपेक्षा जास्त निघू शकतो. तुलना सांगायचीच तर दोन्हींचे अहवाल शेजारी ठेवा.

नाशिकरोडकर
आभारी आहे. आता असं लिहिलंय: 'प्रत्येक मातीत नैसर्गिक किरणोत्सर्ग असतो. या मातीतला मोजला आहे, तो मर्यादेच्या बराच खाली आहे.' पुढच्या ओळीत 'रेडॉनची गळती' असं आहे. ते ठीक?

सिन्नरकर
'गळती' काढा. गळती म्हणजे काहीतरी फुटलं, बिघडलं. रेडॉन हा रेडियमपासून तयार होणारा वायू, तो मातीतून सतत निघतच असतो. 'माती रेडॉन सोडते' इतकं पुरे. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा फुटून संपायला लागणारा वेळ, ३.८ दिवस, म्हणून बंद खोलीत साठायला त्याला वेळ मिळतो. त्यामुळे त्या ओळीला जोडूनच समोरासमोर खिडक्या कुठे ठेवल्यात ते लिहा.