डिंगोच्या बेटावर लेकरू घेऊन जाताना

मिरजकर: सुट्टीत ऑस्ट्रेलियात फ्रेझर बेटावर (२०२३ पासून क'गारी) तंबूत राहायचंय, सोबत सहा वर्षांची मुलगी. तिथला डिंगो (जंगली कुत्रा) आपल्या गल्लीतल्या कुत्र्यासारखा 'हाड' म्हटलं की पळतो का?

कृष्णाकाठ: त्या भरवशावर राहू नका. दगड उचलायला वाकूही नका. ताठ उभं राहायचं, तोंड त्याच्याकडे, हात छातीवर दुमडलेले. मग मदतीला हाक मारत हळूहळू मागं सरकायचं. पळालात की त्याला चेव येतो. मुलगी हाताच्या अंतरावरच हवी, नुसती नजरेसमोर असून भागत नाही.

विट्याचा_वाटाड्या: कुंपण असलेली जागाच घ्या. फिरताना काठी ठेवा. तंबूत खाणं नको, टूथपेस्टसुद्धा नको. सगळं गाडीत, काचा वर.

मिरजकर: कडबोळ्यांचा डबा?

कृष्णाकाठ: तोही. आणि एखादं कडबोळं त्याला टाकलंत तर दंड!