मदत हवी आहे : लेखनाला सुरुवात करताना स्वतःची ओळख कोणत्या नावाने आणि कितपत करून द्यावी?

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात राहते आणि मुद्रितशोधनाचे, म्हणजे छपाईपूर्वीच्या कच्च्या प्रती (प्रुफे) वाचून त्यांतल्या चुका दुरुस्त करण्याचे, काम करते. सुरुवातीची वर्षे अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात गेली, आणि खिळ्यांची, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून केलेली, छपाई मागे पडून सारे काम संगणकावर गेल्यानंतर प्रकाशकांकडून येणारी प्रुफे मी घरी आणून तपासू लागले. आता स्वतःचे लेखन स्वतःच्या ब्लॉगवर नियमितपणे प्रसिद्ध करावे, असे मनाने घेतले आहे. विषय पक्का आहे: लेखकाच्या हातून सुटलेला मजकूर पुस्तक होऊन वाचकाच्या हाती पडेपर्यंत त्याचे काय काय होते, हे मला सांगायचे आहे. काही लेख लिहूनही झाले आहेत. अडले आहे ते ‘माझ्याविषयी’ या एका पानापाशी.

लेखक-परिचय कसा लिहितात हे मला ठाऊक नाही, असे नव्हे. मलपृष्ठावरचे असंख्य परिचय माझ्या नजरेखालून गेले आहेत. जन्मगाव, शिक्षण, नोकरी, प्रकाशित पुस्तके, पुरस्कार, आणि ही यादी तोकडी पडली तर ‘वाचन, संगीत व भटकंतीची आवड’, असा तो साचा असतो. त्या साच्यात घालण्यासारखे माझ्यापाशी फारसे नाही, कारण ज्या पुस्तकांवर मी काम केले त्यांपैकी बहुतेकांत मुद्रितशोधकाचे नाव छापण्याची पद्धतच नव्हती. मुखपृष्ठकाराचे नाव असे. मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण तर १८६७ च्या कायद्यानेच बंधनकारक केलेले होते. प्रुफे वाचणाऱ्याविषयी तो कायदा काही म्हणत नव्हता, आणि प्रकाशकही आपणहून काही म्हणत नसत. अलीकडे काही जण श्रेयाच्या पानावर आवर्जून नाव घालतात, ही चांगली गोष्ट आहे.

पण नाव कुठे छापलेले नाही ही माझी अडचण नाही. माझी ओळख म्हणजे माझे काम, आणि ते काम खुलासेवार सांगायला गेले की माझ्याबरोबर इतरांचीही ओळख उघडी पडते, हा खरा पेच आहे. एका कादंबरीचे उदाहरण देते. तिची नायिका निम्म्या कादंबरीपर्यंत सुमती होती आणि पुढे कसलाही खुलासा न होता ती मालती झाली. मी दोन्ही नावांखाली रेघ ओढून गॅलीच्या (पाने पाडण्याआधी लांब कागदावर काढलेल्या प्रुफाच्या) समासात प्रश्नचिन्ह केले. गॅली परत आली तेव्हा त्या प्रश्नचिन्हाशेजारी लेखकाने ‘सोयीचे ते ठेवा’ एवढेच लिहिले होते. नायिकेचे बारसे अखेर छापखान्यात झाले. यात कोणाची नाचक्की करण्याचा हेतू नाही. शेकडो पाने लिहिणाऱ्या माणसाचे असे होतेच, आणि ते निस्तरण्यासाठीच आमचा व्यवसाय आहे. तरीही मी खऱ्या नावाने लिहिले, तर ही बाई कोणत्या छापखान्यात, कोणत्या काळात होती आणि तेव्हा तिथे कोणाची कादंबरी छापली जात होती, याचा हिशेब पुण्यातल्या पेठांमध्ये दुपारच्या चहापर्यंत लागेल. आमचे प्रकाशनविश्व तेवढे लहान आहे.

म्हणून टोपणनावाचा विचार मनात आला. आपल्याकडे त्याची परंपरा जुनी आहे. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने समाजाला खडे बोल सुनावले. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या नावाआडून कथा प्रसिद्ध केल्या, तेव्हा ही लेखिका कोण याची केवढी चर्चा झाली. माझ्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र जयवंत दळवींचे आहे; साहित्यिकांच्याच गमतीजमती सांगायच्या असल्याने त्यांनी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ हे नाव घेतले. माझी आणि त्यांची बरोबरी नाही, पण गरज मात्र बरीचशी तीच आहे. ‘काकपद’ हे नाव मला सुचले आहे. सुटलेला शब्द कुठे घालायचा हे दाखवण्यासाठी आम्ही ओळीत जी खूण करतो, ती ही.

टोपणनाव घेतल्याने दोन गोष्टी अडतात. पहिली अशी की लग्नापूर्वी माझे काही लेख माहेरच्या नावाने दिवाळी अंकांत आले होते, पुढची सारी कामे सासरच्या नावाने झाली, आणि आता हे तिसरे नाव. जुने लेख वाचलेला एखादा वाचक अजून असेल, तर त्याला ही तीच बाई हे कळण्याची वाटच बंद होते. दुसरी गोष्ट हक्कांची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम २३ नुसार टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या साहित्याचे हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतात. त्या मुदतीत लेखकाची खरी ओळख जाहीर झाली, तर मात्र ती ६० वर्षे लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. माझ्या लेखांतून कोणी गडगंज होईल असे नाही. तरी माझ्या माघारी मुलीला हे लेखन आपल्या आईचे आहे असे म्हणता यावे, एवढी सोय असावी असे वाटते. आपल्यापैकी जे टोपणनावाने लिहितात, त्यांनी आपले खरे नाव कुठे आणि कसे नोंदवून ठेवले आहे?

हे सगळे आताच ठरवण्याचे कारण म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता. तो बहुधा नावावरूनच घेतला जातो, आणि नंतर बदलला तर लोकांनी इकडेतिकडे दिलेले जुने दुवे तुटतात. २०१४ पासून ‘.भारत’ असा शेवट असलेले देवनागरी पत्तेही मिळतात. मला ते मनापासून आवडले असते, परंतु तसा पत्ता काही ठिकाणी चिकटवला की रोमन अक्षरांची गिचमीड होऊन दिसतो, असे माझ्या भाच्याने करून दाखवले. प्रत्यक्षात मराठी वाचक देवनागरी पत्ता वापरतात का, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल काय?

परिचयाचे दोन मसुदे खाली देते.

एक : ‘मी पुण्यात मुद्रितशोधनाचे काम करते. गॅली प्रुफांपासून पीडीएफपर्यंतचा बदल मी पाहिला आहे. पुस्तके कशी घडतात, याविषयी येथे लिहीन.’ याखाली माझे माहेरचे आणि सासरचे, अशी दोन्ही नावे.

दोन : ‘काकपद हे टोपणनाव आहे. ते घेणारी व्यक्ती बराच काळ दुसऱ्यांची पुस्तके तपासत आली आहे. येथे येणारे प्रसंग खरे आहेत. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे, गावे आणि साल बदलले आहे.’

पहिला मसुदा मला कोरडा वाटतो, पण तो प्रामाणिक आहे, आणि मुद्रितशोधनाविषयी लिहिणारी व्यक्ती ते काम खरोखर करते की नाही हे वाचकाला ताडून पाहता येते. दुसऱ्यात मोकळेपणा मिळतो, परंतु ‘बराच काळ’ यावर वाचकाने विश्वास का ठेवावा, याचे उत्तर त्यात नाही. दोन्हींच्या मधला एखादा मार्ग आहे का? म्हणजे नाव खरे द्यावे, छापखान्यातल्या काळाचा उल्लेख टाळावा आणि प्रसंग सांगताना मात्र तपशील बदलावेत, असे केले तर ते वाचकाची फसवणूक ठरेल काय? व्यवसायातले अनुभव लिहिणारे कोणी डॉक्टर, वकील किंवा शिक्षक इथे असतील, तर त्यांनी ही रेषा कुठे ओढली हे कृपया सविस्तर लिहावे. लेखकांची परवानगी आधी घ्यावी, असे एका स्नेह्यांनी सुचवले आहे; ज्यांच्याकडून अजून कामे येतात त्यांच्याशी हा विषय कोणत्या शब्दांत काढावा, तेही सांगावे.

गणपती झाले की दिवाळी अंकांची प्रुफे येऊन पडतात आणि मग दसऱ्यापर्यंत मान वर करता येत नाही. त्याआधी हे पान लावून टाकायचे आहे, तेव्हा जमल्यास लवकर कळवावे. मसुद्यांतल्या वाक्यांवर थेट खुणा केल्यात, तरी माझी काही हरकत नाही.